हजेरीपटावरची आडनावे

आमच्या वर्गाचा हजेरीपट कुणी नवख्या माणसाने वाचायला घेतला तर त्याला वाटेल, ही विद्यार्थ्यांची यादी नसून एखाद्या जुन्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या आहेत. आतार, बागवान, मण्यार, तांबोळी, शिकलगार, मुलाणी, खाटीक. मधूनच एखादा शेख, एखादा पठाण. अत्तराची कुपी, फळांची पाटी, बांगड्यांचा चुडा, पानाचा विडा, हत्याराची धार, सगळे ओळीने हजर! मुलाण्याला तर गावगाड्यात रीतसर जागा होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला, त्यात मुलाणा इतर कारूनारूंच्या शेजारी बसलेला आहे. त्या काळात पोर जन्मले की त्याचे पुढे काय, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. उत्तर आडनावातच होते.

आज शिकलगारांच्या घरी तलवार नाही आणि आतारांच्या घरी अत्तर मिळाले तर ते ईदच्या दिवशी, तेही बाजारातून आणलेले. धंदे गेले, आडनावे राहिली. त्या रिकाम्या जागी गॅरेज, पंक्चर, चिकन सेंटर, फळांचा गाडा आणि ट्रकवरची क्लीनरची जागा आली. म्हणजे ‘पुढे काय’ हा प्रश्न आपल्या घरांत आला तो फार उशिरा, आणि आला तेव्हा त्याचे उत्तर द्यायला घरात कुणी नव्हते.

मी डाळजची. पुण्याहून सोलापूरकडे निघाल्यावर भिगवण मागे पडले की महामार्गाच्या अंगाने आमची गावे लागतात. डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन, डाळज नंबर तीन. बाहेरची माणसे हसतात. गावांना नंबर असतात का म्हणे! असतात. शेजारी उजनीचे पाणी पसरलेले असते. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठच्या कितीतरी गावांनी आपले घरदार उचलून वरच्या अंगाला नेले. जुन्या पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजूनही वर येते, तेव्हा लोक ते बघायला होड्या करून जातात. माझे अब्बा पाठीवर बांगड्यांचा बोजा घेऊन नदीकाठची गावे फिरायचे. ते म्हणायचे, ज्यांची जमीन गेली त्यांचा कागद झाला, आमचे गिऱ्हाईक गेले त्याचा कागद कोण करणार? बुडालेल्या वाटांवरून धंदा कसा करायचा, हे त्यांना कुणी सांगितले नाही. ते हायवेवर चहाची टपरी टाकून बसले.

मी शिक्षिका झाले, त्याला आवड वगैरे म्हणायला माझा जीव धजत नाही. नोकरी करणारी बाई म्हणून मी लहानपणी फक्त शाळेतल्या बाईच पाहिल्या होत्या. दुसरे काही पाहिलेच नव्हते, तर दुसरे काही व्हावेसे कुठून वाटणार? बी.एस्सी. केले, बी.एड. केले, आणि आमच्याच भागातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले.

२०१६ च्या फेब्रुवारीत दहावीच्या मुलांची कल चाचणी आली. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने ती पहिल्यांदा राज्यभर घेतली. पोरांनी संगणकासमोर बसून, अमुक करायला आवडेल का, तमुक करायला आवडेल का, अशा प्रश्नांची उत्तरे द्यायची. मग कागद हातात पडायचा : कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा वगैरे क्षेत्रांपैकी तुमचा कल इकडे आहे. हेतू चांगला होता, मी नाकारत नाही. पण कागद घेऊन माझ्याकडे आलेला एक मुलगा मला अजून आठवतो. त्याने विचारले, “मॅडम, ललित कला म्हणजे काय?” त्याचा कल ललित कलेकडे निघाला होता.

मला तेव्हापासून वाटत आले आहे की कल हा पाहिलेल्याचाच असतो. न पाहिलेल्या गोष्टीकडे माणूस झुकणार कसा? आमच्या वर्गात ‘कोण होणार’ म्हणून विचारले की पोलीस, मिलिटरी, डॉक्टर, टीचर एवढी चारच उत्तरे यायची. कारण उघड आहे. पोलीस हायवेवर दिसतो, मिलिटरीतला सुट्टीवर आलेला दिसतो, डॉक्टरकडे आपण आजारी पडून जातो आणि टीचर समोर उभी असते.

याचा उलटा पुरावाही आमच्या शेजारीच आहे. कुंभारगाव. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत भरते. धरण झाल्यापासून तिथले मासेमार हे पक्षी रोज बघत होते, पण पक्षी दाखवून पोट भरता येते हे त्यांच्या गावी नव्हते. मग पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले लोक येऊ लागले. होडी तीच, पाणी तेच, वल्हे मारणारा हातही तोच. आज तिथली पोरे पक्ष्याचे मराठी नाव, इंग्रजी नाव, तो कुठून येतो आणि कधी जातो, हे सगळे घडाघडा सांगतात. त्यांना हे कुठल्या चाचणीने सांगितले नव्हते. कुणीतरी दुर्बीण हातात दिली होती.

त्या जूनमध्ये आम्ही शाळेत एक मंडळ सुरू केले. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटल्यावर दीड तास. आठवी ते दहावी, ज्याला यायचे त्याने यावे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली ती ‘खर्च मागू नका’ एवढ्या अटीवर. कागदावर नाव ‘व्यवसाय मार्गदर्शन मंडळ’. मुले त्याला ‘पुढं काय मंडळ’ म्हणायची, आणि तेच नाव पडले.

पहिल्या शनिवारी पाहुणा कोण बोलवावा यावर स्टाफरूममध्ये बराच खल झाला. कुणी म्हणाले तहसीलदार, कुणी म्हणाले स्पर्धा परीक्षा पास झालेला मुलगा. मी हायवेवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेले. उसाच्या ट्रॉल्या बांधणारे एक उस्ताद तिथे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आमच्या नववीतला एक मुलगा त्यांच्याकडे कामाला होता आणि म्हणून शनिवारी वर्गात कधीच नसायचा. चाचांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. “टीचर, मेरेकू कायको बुलाते? मैं तो आठवी फेल.”

“आप आओ तो सही चाचा,” मी म्हटले.

ते आले. नमाज उरकून, धुतलेला पायजमा घालून, आणि सोबत त्या मुलाच्या डोक्यावर वेल्डिंगचे मशीन! शाळेच्या मागच्या भिंतीला मशीन जोडले. चाचांना भाषण येत नव्हते, म्हणून त्यांनी काम सुरू केले, आणि बोलणे त्या मुलाने केले. वर्गात तोंड न उघडणारा तो मुलगा सांगत होता : रॉडवरचा हा पांढरा लेप उगीच नसतो. तो जळतो, त्याचा धूर लोखंडाला हवा लागू देत नाही, आणि वर जी खपली धरते ती गार झाल्यावर हातोडीने काढायची. करंट शंभर-सव्वाशे अँपिअर ठेवायचा. जास्त झाला तर पत्र्याला भोक पडते, कमी झाला तर रॉड चिकटतो. बरोबर झाला हे कसे ओळखायचे? भजी तळल्यासारखा आवाज आला पाहिजे. मुले खो खो हसली आणि मग सगळी कान देऊन ऐकू लागली. खरोखरच भजी तळल्याचा आवाज येत होता.

काळ्या काचेशिवाय बघितले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, असे तो म्हणाला तेव्हा मी फळ्यावर अतिनील किरण लिहिले. तो धडा मी आधी कितीतरी वेळा शिकवला होता. इतक्या शांततेत कधी नाही.

मग एका मुलीने चाचांना विचारले, “साखर कारखान्यात तुम्ही का जात नाही? तिथं पगार जास्त असंल ना?” चाचा थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, कारखान्यात ट्रॉलीचे काम मिळते, पण बॉयलरला हात लावू देत नाहीत. बॉयलरच्या कामाला सरकारी परीक्षा पास झालेला वेल्डर लागतो. तो बाहेरून येतो आणि आपल्या कितीतरी पट घेऊन जातो. “हाथ उसका बी वइच है बेटा, मेरा बी वइच. उसके पास कागज है.”

त्या वाक्यावर मी पुढचे चार शनिवार काढले. फळ्यावर एक शिडी काढली. आठवी पास झालेल्याला आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स करता येतो. दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे हायवेवरच्या गॅरेजपासून इंजिनिअरपर्यंत एक वाट आहे. ती अरुंद आहे, पण सरकारी पुस्तकात छापलेली आहे. आमच्या मुलांच्या वडिलांपैकी एकालाही ती माहीत नव्हती. खरे सांगायचे तर स्टाफरूममध्येही फार जणांना माहीत नव्हती.

आपल्या समाजात दरवर्षी गुणगौरव समारंभ होतात. मीही जाते, बोलावतात तेव्हा. नव्वद टक्केवाल्यांना ट्रॉफी, भिंतीवरचे घड्याळ, शाल. मंचावरून सच्चर समितीचा २००६ चा अहवाल निघतो, आयएएसमध्ये आपण तीन टक्केच कसे, हे सांगितले जाते, आणि ‘कलेक्टर बनो’ असा हुकूम होऊन बिर्याणी वाढली जाते. ठीक आहे, कलेक्टर व्हावेतच. पण त्याच सच्चर अहवालात हेही आहे की मुसलमान कामकऱ्यांत स्वतःच्या छोट्या धंद्यावर पोट असणारे इतरांपेक्षा जास्त आहेत. त्या पंक्चरवाल्याच्या, त्या बेकरीवाल्याच्या अठ्ठेचाळीस टक्के पडलेल्या पोराला मंचावर कुणी बोलावत नाही. तो मागे खुर्च्या उचलत असतो. त्याच्या हातात हुनर आधीच आहे. त्याला पुढची पायरी दाखवायला एक शनिवार पुरतो, आणि तोही आपण देत नाही!

हे काही मी शोधून काढलेले नाही. आमच्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत शिकलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी केलेला माणूस दुष्काळी गावात येऊन बसला. त्यांचा अभ्यासक्रम असा की हायस्कूलच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे : वेल्डिंग आणि सुतारकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य. शिकवायला पदवीधर नव्हे, तर गावातलेच कारागीर. आणि केलेले काम खोटे नाही. गावकऱ्यांची खरी कामे घ्यायची आणि त्यांचे पैसे घ्यायचे. १९८७ पासून हा विषय दहावीच्या परीक्षेलाही घेता येऊ लागला. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांच्या कामाबद्दल मी वाचले तेव्हा वाटले, चाचांना भिंतीपाशी उभे करताना माझ्या पाठीशी कुणीतरी होते.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये अशी मंडळे फार जुनी आहेत. शेती शिकणाऱ्या मुलांची एक संघटना, फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका, १९२८ मध्ये निघाली. तिथे प्रत्येक मुलाने आपले म्हणून काही करायचे असते, वासरू पाळायचे, मका लावायचा, आणि त्याचा जमाखर्च वहीत लिहायचा. ही वही मला फार आवडली. आम्ही ती उचलली. पण त्याच संघटनेची दुसरी गोष्टही आपण लक्षात ठेवावी अशी आहे. दक्षिणेकडे काळ्या मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या, आणि तिथल्या शेतकरी मुलांना स्वतःची निराळी संघटना उभी करावी लागली. ती १९६५ मध्ये मोठ्या संघटनेत विलीन झाली. मुलींना तर १९६९ पर्यंत राष्ट्रीय पातळीवर सभासदच करून घेत नव्हते. म्हणजे भविष्याचे दार उघडायला काढलेल्या मंडळाच्याही दारात कुणीतरी बाहेर उभे असतेच.

आमच्या मंडळाच्या दारात कोण उभे होते? आमच्याच मुली.

शाळेत बोलावलेले पाहुणे ऐकायला त्या यायच्या. प्रश्नही त्याच जास्त विचारायच्या. पण बाहेर जायचे म्हटले की संख्या अर्धी. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची सहल ठरली तेव्हा दहावीतल्या एका बागवानांच्या मुलीने चिठ्ठी परत आणली, सही न केलेली. तिचे वडील हायवेला पेरू आणि डाळिंबे विकतात. ती शाळा सुटल्यावर गाड्यावर बसायची, आणि तिची जमाखर्चाची वही सगळ्या वर्गात पहिली होती. सकाळी किती किलो आले, किती डागी निघाले, डागी माल संध्याकाळी कोणत्या भावाने गेला, सगळे. एका पानावर तिने लिहिले होते की एका शेतकऱ्याचा पेरू दुसऱ्याच्या पेरूपेक्षा दोन दिवस जास्त टिकतो, आणि खाली प्रश्न : ‘का?’

मी गाड्यावर गेले. वडील भले माणूस. पेरू कापून, तिखटमीठ लावून हातात दिला. मग म्हणाले, “टीचर, भेजने को मेरा ना नै. पन एक रिश्ता आया है. उनकू मालूम पडा छोकरी गाडी में बैठ के फिरती तो?” मागे तिची अम्मी उभी होती. ती काही बोलली नाही. मी म्हटले, चाचा, मीही गाडीत आहे, माझी मुलगीही आहे, मगरिबच्या आत परत. ते बराच वेळ पेरू पुसत राहिले. शेवटी अम्मीनेच चिठ्ठी घेतली आणि पेन मागितले. सही उर्दूत केली. आमच्या शाळेच्या फाइलमध्ये ती एकमेव उर्दू सही आहे.

बारामतीत त्यांनी रोपवाटिका पाहिली, ठिबकच्या नळ्या पाहिल्या. मुलांना ट्रॅक्टर आवडला. ती मात्र माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून बाहेर येईना. तिथे एक तरुणी मातीचे नमुने तपासत होती. तिला हिने विचारले की मातीवरून पेरू किती दिवस टिकेल ते कळते का. ती तरुणी हसली नाही. तिने हिला बसवले आणि मातीतले पोटॅश आणि फळाचा टिकाऊपणा यांचा संबंध सांगितला. परत येताना गाडीत सगळी गाणी म्हणत होती, ही वहीत लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. रागाने नव्हे, गोंधळून. “टीचर, अपने पास गुंठाभर जमीन नै, अन ये बोलती माटी तपासूंगी!”

मला या वाक्याला उत्तर सुचले नाही. कारण तक्रार खरी होती. सातबारावर आपले नाव नाही, धरणात गेलेल्या जमिनीच्या यादीतही नव्हते. मी एवढेच सांगितले की माती तपासणाऱ्याची स्वतःची जमीन लागत नाही, जशी रक्त तपासणाऱ्याला स्वतःची जखम लागत नाही. अकरावी-बारावी विज्ञान, मग सीईटी, मग कृषीची पदवी. दहावीनंतर थेट कृषीची पदविकाही आहे. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. निघताना विचारले, “बस का पास कित्ते का पडता?”

रिश्त्याचे काय झाले ते मी विचारले नाही. ती अकरावीला विज्ञानाला गेली. पहिले काही महिने वडील स्वतः तिला एसटीत बसवून देत, मग गाडा लावत.

वेल्डिंगवाला मुलगा दहावीला गणितात गेला. जुलैच्या फेरपरीक्षेत चाचांनी त्याला महिनाभर सुट्टी दिली, आणि ती सुट्टी पगारी होती, हे मला नंतर समजले. तो सुटला आणि आयटीआयचा फॉर्म भरायला माझ्याकडे आला तेव्हा सोबत चाचाही होते. फॉर्मवर त्याच्या नावापुढचे चौकोन मोजत होते. त्याच वर्षी माझा सर्वांत हुशार वाटलेला एक मुलगा मामाबरोबर पुण्याला बेकरीत गेला. त्याची वही माझ्याकडेच राहिली आहे. त्यात कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब आहे, आणि शेवटची नोंद अर्धवट आहे.

कोविडमध्ये मंडळ बंद पडले. २०२० मध्येच सरकारने युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल काढले. त्यात शेकडो अभ्यासक्रमांची माहिती होती. माझ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर गाड्यावर, त्यांना त्याचा काय उपयोग झाला असेल ते वाचकांनीच ठरवावे. शाळा पूर्ववत झाल्यावर पहिल्याच शनिवारी मुले विचारू लागली, “मॅडम, पुढं काय?” म्हणून पुन्हा सुरू केले. आता पाहुणे मुलेच सुचवतात. गेल्या वेळी एका मुलाने आपल्या आजीला आणले. ती गोधड्या शिवते. तिने टाक्यांचा हिशेब सांगितला आणि मग दरडावून विचारले की गोधडी मोठ्या शहरात केवढ्याला विकतात ते तुमच्यापैकी कोण सांगेल. कुणालाच सांगता आले नाही. आता दोन मुली ते शोधताहेत.

येत्या शनिवारी भिगवणच्या मासळी बाजारात जायचे आहे. लिलाव कसा बोलतात, भाव कोण ठरवतो, बर्फाचा खर्च कुणाच्या माथी, हे बघायचे. सकाळी लवकर निघावे लागेल. मुलांच्या सगळ्या चिठ्ठ्या आल्या आहेत. सहा मुलींच्या घरून अजून सही यायची आहे, त्यांपैकी दोन घरी मी आज असरनंतर जाणार आहे.